एपिस्कोपल चर्चमधली उपासना आणि रोजची प्रार्थना: या चुका टाळा

सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, १९७० साली नागपूरला स्थापन झाली आणि ती अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी नातं सांगणाऱ्या कुटुंबातलीच. अमेरिकेत याच कुटुंबातलं चर्च म्हणजे एपिस्कोपल. त्यामुळे पुण्या-नगरकडून अमेरिकेत आलेली आपली मंडळी घराजवळचं एपिस्कोपल चर्च शोधतात, हे ओघानंच आलं. आल्यावर 'आम्हाला सगळं येतं' म्हणतात आणि ठरलेल्या जागी ठेचकाळतात. इथे जन्मलेले नवखेही तिथेच ठेचकाळतात, तेव्हा कुणी मनाला लावून घेऊ नये. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत, उपासनेतल्या वाचकांच्या पाळ्या मी लावते, म्हणून हे सगळं पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे १९७९च्या प्रेयर बुकातल्या, म्हणजे एपिस्कोपल चर्चच्या उपासनेच्या पुस्तकातल्या, बारीक तिरप्या अक्षरांतल्या सूचना गाळून पुढे जाणं. एका हिवाळ्यात रविवारी सकाळी एवढा बर्फ पडला की आमच्या रेक्टरबाईंची, म्हणजे पॅरिशच्या मुख्य पुरोहितांची, गाडी घरातूनच निघेना. प्रभुभोजन शक्य नव्हतं, पण मॉर्निंग प्रेयर (सकाळची प्रार्थना) कुणीही सभासद चालवू शकतो. एक उत्साही तरुण पुढे आला. त्यानं फोनवरून मजकूर उचलून, सूचना काढून टाकून, छान सुटसुटीत कागद छापून आणला होता. पापकबुली झाली. मग हा उठला, लोकांकडे वळला, हात उंचावून हवेत क्रूस काढला आणि 'देव तुम्हांवर दया करो, तुमच्या सर्व पापांची क्षमा करो' असं खणखणीत आवाजात म्हणाला. उभं राहून असं म्हणणं हे फक्त दीक्षा झालेल्या पुरोहिताचं काम. पुस्तकात ८०व्या पानावर त्याच प्रार्थनेखाली लिहिलंय की डीकन (पुरोहिताखालचा सेवक) किंवा साध्या सभासदानं गुडघ्यांवरच राहायचं आणि 'तुम्हांवर'च्या जागी 'आम्हांवर' म्हणायचं. नंतर कॉफीच्या वेळी क्वायरमधल्या एका आजींनी त्याला विचारलं, "तुझा दीक्षाविधी कधी झाला रे? आम्हाला बोलावलं नाहीस ते!" बिचाऱ्याच्या हातातला डोनट हातातच राहिला.

सुटसुटीत कागदाचा मला म्हणूनच राग आहे. ॲप वापरा, माझी हरकत नाही. पण उपासना चालवायची असेल तर आदल्या रात्री पुस्तक उघडून फक्त तिरपी अक्षरं वाचा, प्रार्थना नंतर. मी पेन्सिलीनं समासात 'उभं', 'गुडघे', 'आम्हांवर' एवढंच लिहून ठेवते. काही जणांना ते बाळबोध वाटतं. वाटू दे.

दुसरं माझं जुनं दुखणं म्हणजे स्तोत्रं. प्रत्येक ओवीच्या मध्ये एक चांदणी (*) छापलेली असते. तिथे स्पष्ट थांबायचं, असं पुस्तकच सांगतं. आमच्याकडे दोन बाजू आलटून-पालटून ओव्या म्हणतात. नवखा माणूस चांदणीवरून धडधडत निघून जातो आणि ओवी संपली की मात्र श्वास घेत बसतो, म्हणजे नेमकं उलटं. संध्याकाळच्या प्रार्थनेला पाच-सहाच डोकी असतात. त्यात एकजण एक्स्प्रेस झाला की बाकीचे मागे फरफटत जातात. चांदणीशी एक सावकाश श्वास घ्या आणि ओवी संपताच दुसऱ्या बाजूनं लगेच उचला. खोलीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा आवाज ऐकू येत नसेल, तर तुम्ही जास्त वेगात आहात.

बायबलच्या वाचनांचं वर्ष चुकवू नका. रविवारची वाचनं ए, बी, सी अशा तीन वर्षांच्या फेऱ्यात आणि रोजची दोन वर्षांच्या. ही दोन गणितं वेगळी आहेत. शिवाय चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या काळाच्या, पहिल्या रविवारी बदलतं. रोजच्या वाचनांसाठी येणारा जानेवारी विषम सालाचा असेल तर पहिलं वर्ष, म्हणजे डावीकडचं पान. सम असेल तर दुसरं, उजवीकडचं. २०२५च्या ॲडव्हेंटपासून म्हणून उजवं पान. तिथे खूण घालून ठेवा.

निळ्या किंवा लाल कव्हराच्या हिम्नलमध्ये, म्हणजे गीतांच्या पुस्तकात, 'एस' लावलेले आकडे पुढच्या भागात असतात. एस-२८० म्हणजे ग्लोरिया हे उपासनेतलं स्तुतिगान, २८० क्रमांकाचं गीत नव्हे.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, 'आलेलुया' तोंडातून निसटू देऊ नका.

भाकर द्राक्षारसात बुडवायची असेल तर बोटं प्याल्यात बुडवू नका. हे मोठ्या माणसांना सांगावं लागतं!

शेवटची गोष्ट अतिउत्साहाची. पहिल्याच सोमवारी सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्री झोपण्याआधीची कॉम्प्लिन, चारही प्रार्थना करायला लोक घेतात आणि गुरुवारपर्यंत पुस्तक कपाटात जातं. अशांसाठीच १३७ ते १४० या पानांवर घरी म्हणायच्या चार छोट्या प्रार्थना आहेत, प्रत्येकी एक पान. त्यातली एकच धरा, शक्यतो रात्रीची, आणि ती पाठ झाली की मग १२७व्या पानावरच्या पूर्ण कॉम्प्लिनकडे वळा. मध्ये दिवस बुडाला तर बुडालेली वाचनं भरून काढत बसू नका. आजच्या तारखेचं पान उघडा आणि तिथून सुरू करा.