स्क्रॅचचं प्रशिक्षण: शिक्षकांना आधी चुकू द्या

स्क्रॅच म्हणजे ठोकळे जोडून मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं सॉफ्टवेअर; त्यातलं पहिलं पात्र मांजर. प्रशिक्षक प्रोजेक्टरवर तयार ॲनिमेशन दाखवतो, शिक्षक ते वहीत उतरवून घेतात आणि वर्गात मांजर उलटं चालू लागलं की तास तिथेच अडतो. म्हणून चुका प्रशिक्षणातच होऊ द्या.

दोन दिवस, २० शिक्षक, १० कॉम्प्युटर. दर १५ मिनिटांनी माउस जोडीदाराकडे, नाहीतर ज्याला येतं तोच शेवटपर्यंत बसतो. शाळेच्या नेटवर विसंबू नका. स्क्रॅच ३ चं ऑफलाइन ॲप आदल्या दिवशी पेन ड्राइव्हवरून टाकून प्रत्येक मशीनवर उघडून बघा.

पहिलं काम: हिरवा झेंडा (प्रोग्रॅम सुरू करायचं बटण) दाबला की मांजर चालायला हवं. कुणीतरी 'मूव्ह १०० स्टेप्स'चा ठोकळा लावतंच. मांजर चालत नाही, टुणकन पलीकडे दिसतं. मग 'रिपीट १०' मध्ये, म्हणजे दहा वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये, 'मूव्ह १०' घालायला सांगा. अंतर तेवढंच, पण मधली पावलं दिसतात. आत 'नेक्स्ट कॉस्च्यूम' (मांजराचं पुढचं चित्र) घातलं की पाय नुसते थरथरतात, कारण सेकंदाला साधारण ३० फेऱ्या होतात. लूपमध्येच 'वेट ०.१ सेकंद' घातलं की चाल जमते.

आता झेंडा पुन्हा दाबायला लावा. मांजर थांबलं होतं तिथूनच निघतं आणि दोन-तीन खेपांत कडेला टेकतं. सुरुवातीची स्थिती आपणच सांगायची असते, हे इथे समजतं. झेंड्याखाली आधी 'गो टू एक्स: -२०० वाय: ०', मग 'पॉइंट इन डायरेक्शन ९०'. स्टेज, म्हणजे मांजर चालतं तो चौकोन, ४८० बाय ३६० ची, मधोमध (०,०); आलेखाचा कागद इथेच काढा. 'रिपीट'च्या जागी 'फॉरेव्हर' घालून आत 'इफ ऑन एज, बाउन्स' लावल्यावर मांजर कडेवरून परततं, पण डोक्यावर चालतं, त्यावर उपाय 'सेट रोटेशन स्टाइल लेफ्ट-राइट'.

गणिताचे शिक्षक दिशेवरून हटकून वाद घालतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. भूमितीत ० अंश उजवीकडे; स्क्रॅचमध्ये ० वर, ९० उजवीकडे. होकायंत्रासारखं समजा म्हटलं की पटतं.

दुसऱ्या दिवशी दोन पात्रांचा संवाद. दोघंही एकदम बोलतात, म्हणून शिक्षक दुसऱ्याला 'वेट २ सेकंद' लावतात. चालू द्या. मग पहिल्याचं वाक्य २ ऐवजी ४ सेकंदांचं करायला सांगा. पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं. 'ब्रॉडकास्ट' (एका पात्राने 'माझं झालं' असा निरोप दुसऱ्याला पाठवणं) शिकवायची वेळ ही, त्याआधी नाही. मराठी संवाद युनिकोड कीबोर्डनेच टाइप करायचे. श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, लिहिलेला मजकूर पेस्ट केला तर फुग्यात इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते.

दुपारी प्रत्येक जोडीचा १० मिनिटांचा पाठ. बाकीचे विद्यार्थी होऊन वरच्याच चुका मुद्दाम करतील. शिकवणाऱ्यांनी माउसला हात लावायचा नाही, फक्त विचारायचं: "झेंडा दाबल्यावर सगळ्यात आधी काय होतं? बोट ठेवून दाखव." न राहवून हात पुढे गेलाच, तर पाठ पहिल्यापासून.