टेबलावरचं जंगल: पावसाळ्यात या चुका टाळा

गोव्यात जून ते सप्टेंबर टेरेन (छोट्या सैनिकांच्या टेबलावरच्या युद्धखेळासाठीचा देखावा) करणाऱ्याचं निम्मं काम दमट हवा बिघडवते.

सगळ्यात जास्त नासतो तो पाया. ३ मिमी एमडीएफच्या (लाकडी तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या) पाट्यावर पाणी घातलेला फेव्हिकॉल ओतून वाळू पसरली, की वाळेपर्यंत कडा वर उचलल्या जातात. पाणी एकाच बाजूनं मुरतं आणि गोंद सुकताना आकसून पाटा ओढतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंना वॉर्निशचा हात द्या, मग वरची बाजू पॉलिश पेपरनं खरवडा. पाटा वाकलाच असेल, तर खालची बाजू ओली करून वजनाखाली दाबून ठेवा. बहुतेक वेळा ताळ्यावर येतो.

थर्माकोलच्या टेकडीवर थेट स्प्रे मारू नका. त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. आधी ब्रशनं फेव्हिकॉल आणि अ‍ॅक्रिलिक रंगाचं मिश्रण लावून सगळी छिद्रं बुजवा. आणि मुसळधार पावसात स्प्रे वॉर्निश तर नकोच, पांढरी धुकटी चढते. ब्रशचं मॅट वॉर्निश बरं.

अंगणातली लाल माती पायवाटेला झकास, फुकटही. पण कच्ची वापरली तर बुरशी आणि किडे सोबत येतात. ओव्हनमध्ये १२० अंशांवर अर्धा तास तापवा, मग चाळा. झाडांखाली मात्र लाल किंवा हिरवं नको. मोलेच्या रानात खाली बघा, पाचोळाच दिसेल. सुकी पानं मिक्सरमध्ये फिरवली की काम झालं (घरच्यांना विचारून, किंवा जुना मिक्सर घेऊन).

चवथीच्या सजावटीतून उरलेल्या प्लास्टिकच्या वेली फेकू नका. फक्त तशाच लावल्या तर त्या तोरणासारख्याच दिसतात. साबणाच्या पाण्यानं धुवा, गडद हिरवा पातळ स्प्रे द्या, टोकांवर पिवळसर ड्रायब्रश (रंग पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश हलकेच फिरवणं). जाड थर दिला तर पान वाकताच रंगाची खपली निघते. माडाच्या खोडाला सुंभ गुंडाळा.

उंचीचा हट्टही सोडा. २८ मिमीच्या सैनिकांचं प्रमाण साधारण १:५६. म्हणजे २० मीटरचा माड जवळपास ३६ सेंमीचा होईल, आणि कोपर लागून आडवा पडेल. १५ ते २० सेंमी पुरे, बुडाला लोखंडी वॉशर चिकटवा. झाडं पाट्याला कायमची चिकटवू नका. सैनिकाचा ३२ मिमीचा बेस (पायाखालची चकती) आणि तुमची बोटं दोन्ही आत शिरली पाहिजेत. जंगलाची हद्द पाट्याच्या कडेनं ठरवा, म्हणजे मधली झाडं उचलली तरी सैनिक आडोशाला आहे की नाही यावरून खेळात भांडण होत नाही.