हार्डी क्षेत्रात हिशेब करताना या चुका टाळा

जी. एच. हार्डी आपल्याला बहुतेक रामानुजनमुळे माहीत असतात. त्यांनीच १९१० मध्ये, फलने अनंताकडे जाताना कोण कोणापेक्षा वेगाने वाढते यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. लॉग, ई-घात आणि साधी बीजगणिती कृती यांतून घडलेले कोणतेही फलन पुरेसे दूर गेल्यावर चिन्ह बदलायचे थांबते, आणि अशा कोणत्याही दोन फलनांची तुलना करता येते, हा त्यातला गाभा. पुढे बूर्बाकीने (एकाच टोपणनावाने लिहिणारा फ्रेंच गणितज्ञांचा गट) या कल्पनेला ‘हार्डी क्षेत्र’ हे नाव दिले: फलनांचा असा संच, ज्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि विकलन काहीही केले तरी उत्तर संचातच राहते. क्ष खूप मोठा असताना काय होते एवढेच इथे मोजायचे.

बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. फलन हार्डी क्षेत्रात आहे का हे न तपासताच तिथले नियम लावले जातात.

‘फलन सतत वाढते आहे, म्हणजे ते चालेल’ ही त्यातली सर्वांत फसवी समजूत. २क्ष + साइन क्ष घ्या. विकलज २ + कोस क्ष, कायम धन. फलन सभ्यपणे वाढत जाते. पण आणखी एकदा विकलन करा: −साइन क्ष, म्हणजे अनंत शून्ये. क्षेत्रात शून्येतर घटकाला व्यस्त असावाच लागतो, म्हणून अशा फलनाला कोणत्याही हार्डी क्षेत्रात जागा नाही. संशय आला की दोन-तीन वेळा विकलन करून पाहा. दोलन बहुधा तिथेच उघडे पडते. उलट, परिमेय फलनांपासून सुरुवात करून एकेक पायरीने ई-घात, धन घटकाचा लॉग किंवा संकलन जोडत गेलात, तर हार्डी क्षेत्र मोडत नाही. शक्य असेल तिथे हाच मार्ग धरावा.

याहून खोल चूक म्हणजे फ एका हार्डी क्षेत्रात आहे, ग दुसऱ्या एका क्षेत्रात आहे, म्हणून फ − ग ला सीमा असणारच, असे धरून चालणे. गणितज्ञ मायकेल बोशेर्नित्झान यांनी दाखवलेले उदाहरण मला फार आवडते: य″ + य = ई^(क्ष²). याची प्रत्येक उकल कोणत्या ना कोणत्या हार्डी क्षेत्रात बसते. पण दोन वेगळ्या उकलींची वजाबाकी केली की उरते साइन-कोसची जोडी, आणि ती कायम डोलत राहते. म्हणजे दोघी एकेकट्या शहाण्या, पण एका क्षेत्रात कधीच नांदणार नाहीत. म्हणून ‘हार्डी क्षेत्रात आहे’ असे लिहिताना कोणत्या क्षेत्रात, तेही लिहा.

आता विकलन. फ ~ ग म्हणजे फ आणि ग समतुल्य, फ/ग हे गुणोत्तर १ कडे जाते. फ ~ ग असेल तर फ′ ~ ग′ हे सर्वसाधारणपणे खोटे आहे. क्ष + साइन(क्ष²) हे क्ष शी समतुल्य आहे, पण त्याचा विकलज १ + २क्ष कोस(क्ष²) उधळलेला. एकाच हार्डी क्षेत्रात मात्र हे चालते. अट एकच: ग ची सीमा शून्येतर स्थिरांक नसावी. ही अट विसरणारे पुष्कळ. १ + १/क्ष आणि १ + १/लॉग क्ष, दोन्ही १ कडे जातात, म्हणजे समतुल्यच; पण विकलज −१/क्ष² आणि −१/(क्ष (लॉग क्ष)²), त्यांचा काही मेळ नाही. (मूळ संख्या मोजणारे फलन तर पायऱ्या-पायऱ्यांचे. ते क्ष/लॉग क्ष शी समतुल्य आहे म्हणून त्याचे विकलन करू नका.)

ई-घात घेताना समतुल्यता पुरत नाही, फरक शून्याकडे जावा लागतो. क्ष + लॉग क्ष ~ क्ष, पण घात घेतल्यावर क्ष·ई^क्ष आणि ई^क्ष. एवढेच.

संगणकावर सीमा काढताना अडकता ते बहुधा काटाकाटीमुळे. ई^क्ष · (ई^(१/क्ष + ई^(−क्ष)) − ई^(१/क्ष)) ची सीमा १ आहे. १/क्ष च्या घातांत विस्तार करा, दहा पदे घ्या की शंभर, कंसात शून्यच उरते, कारण खरा फरक ई^(−क्ष) एवढा आहे आणि तो १/क्ष च्या प्रत्येक घातापेक्षा लहान. ‘~ ०’ असे लिहून पुढे जाऊ नका. उपाय डोमिनिक ग्रुंट्झ यांच्या १९९६ च्या प्रबंधातला: पदावलीत सर्वांत वेगाने बदलणारा घटक शोधायचा, इथे ई^(−क्ष), आणि आधी त्याच्याच घातांत विस्तार करायचा. सिमपाय ही पायथॉनमधली बीजगणिताची लायब्ररी सीमा काढताना हीच रीत वापरते.

शेवटी पदांची हाव. ० ते अनंत ∫ ई^(−ट)/(क्ष + ट) dट ऐवजी १/क्ष − १!/क्ष² + २!/क्ष³ − … ही श्रेणी वापरतात. ती प्रत्येक क्ष साठी अपसारी आहे, म्हणजे तिची बेरीज कुठेच स्थिरावत नाही. क्ष = १० ला पदे आधी आक्रसतात, ९! आणि १०! च्या पदांशी सुमारे ०.००००३६ वर टेकतात आणि मग फुगतात, ३०! चे पद २६ च्या पुढे. चूक पहिल्या सोडलेल्या पदापेक्षा लहान असते, तेव्हा सर्वांत लहान पदाच्या आधी थांबा. खरे उत्तर ०.०९१५६ च्या आसपास आहे आणि तेवढी अचूकता सहज मिळते. क्ष = १ ला मात्र पदे १, −१, २, −६ अशी येतात. तिथे ही श्रेणी सोडा आणि संकलन सरळ संख्यात्मक पद्धतीने काढा.