सिक्युरिटीच्या धंद्यासाठी डोमेन निवडताना

सोलापुरातल्या गार्ड एजन्स्या, सीसीटीव्ही बसवणारे आणि फायर अलार्मवाले यांच्या वेबसाइट आणि ईमेल सांभाळणं हे माझं काम. ऑफिस नवी पेठेत. हल्ली नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, डॉट कॉम काय मिळंना, डॉट सिक्युरिटी घेऊ का?" घ्या किंवा घेऊ नका असं मी लगेच सांगत नाही. आधी विचारते, तुमचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोण, कुठून आणि कसा टाइप करणार?

चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्याचा एचआर मॅनेजर कोटेशन मागवतो तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यातला सुपरवायझर मात्र यंत्रमागांच्या खडखडाटात फोनवर पत्ता ऐकतो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारा माणूस तो, तुमच्याशी मराठीत बोलतोय आणि इंग्रजी स्पेलिंग लिहून घेतोय. त्याला एकदा सांगून कळलं पाहिजे. म्हणून नाव ठरवण्याआधी ते ओळखीच्या तिघाचौघांना फोनवर फक्त बोलून सांगा आणि त्यांनी काय लिहिलं ते व्हॉट्सअॅपवर मागवा. 'सुरक्षा' हा शब्द लोक इंग्रजीत के-एस-एच लावूनही लिहितात आणि नुसता एक्स लावूनही. सोलापूरचंही तेच. जुन्या कागदांवर एस नंतर एच असलेलं स्पेलिंग आहे आणि बाहेरगावचे काही व्यापारी अजून तसंच टाइप करतात. नावात गाव घालणार असाल तर दोन्ही स्पेलिंगं घ्या आणि एक दुसरीकडे वळवून द्या. महागडं एक्स्टेन्शन, म्हणजे पत्त्यातली शेवटच्या डॉटनंतरची शेपटी, घेण्यापेक्षा या खर्चाचा उपयोग जास्त होतो.

आता एक्स्टेन्शनकडे वळू. डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने 2012 मध्ये नवीन एक्स्टेन्शनसाठी अर्ज मागवले, तेव्हा 1930 अर्ज आले. त्यातली पहिली एक्स्टेन्शनं ऑक्टोबर 2013 पासून इंटरनेटवर यायला लागली. आपल्या धंद्याच्या जवळची जी मिळतात, ती बहुतेक त्याच फेरीतली आहेत. डॉट सिक्युरिटी आणि डॉट प्रोटेक्शन यांसाठी अँटिव्हायरसवाल्या सिमँटेकने अर्ज केला होता, पुढे ती एक्सवायझेड या कंपनीकडे गेली. कॅमेऱ्याच्या कामासाठी डॉट कॅमेरा आहे. अॅक्सेस कंट्रोल आणि अलार्मवाल्यांना शोभतील अशी डॉट सिस्टिम्स, डॉट सर्व्हिसेस, डॉट सोल्यूशन्स आहेत. डॉट कॅम हे डॉट कॅमेरापेक्षा वेगळं आहे, दोन्हींत गल्लत करू नका. सायबर सिक्युरिटीचं काम करणाऱ्या मुलांना मी गुगलचं डॉट अॅप किंवा डॉट डेव्ह सुचवते. ही एक्स्टेन्शनं ब्राउझरच्या यादीत आधीच नोंदलेली असल्यामुळे त्यांवरची साइट एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीशिवाय उघडतच नाही. जो दुसऱ्याच्या सिस्टिमची तपासणी करायला निघालाय, त्याच्या स्वतःच्या साइटला ही सक्ती असणं मला योग्य वाटतं.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. डॉट सिक्युरिटी घ्यायला कोणीही तुमचं लायसन्स विचारत नाही. पैसे भरले की नाव मिळतं, मग तुमच्याकडे शंभर गार्ड असोत की एकही नसो. त्यामुळे नुसत्या त्या शेपटीवरून ग्राहकाला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. ज्या एक्स्टेन्शनला खरोखर तपासणी आहे ती वेगळी. रिझर्व्ह बँकेने आपल्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितलं आणि ती नावं देण्याचं काम एकट्या आयडीआरबीटी या संस्थेकडे ठेवलं. तिथे बँक असल्याशिवाय नाव मिळत नाही, म्हणून त्या पत्त्याला अर्थ आहे. सिक्युरिटी एजन्सीसाठी आपल्याकडे असं राखीव एक्स्टेन्शन नाही. तुमचा पुरावा म्हणजे 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्याखालचं लायसन्स, ज्याला सगळे 'पसारा' म्हणतात. ते ऑफिसात दर्शनी जागी लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मग वेबसाइटवरही लायसन्स नंबर, मुदत आणि ऑफिसचा पूर्ण पत्ता पहिल्याच पानावर टाका. मी हे केल्याशिवाय एजन्सीची साइट चालू करत नाही.

आता पैशांचं बघा, कारण माणसं अडकतात ती इथे. पहिल्या वर्षाचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, साइटवर नूतनीकरणाचा दर शोधा, तो बहुतेक वेळा बारीक अक्षरात किंवा कार्टच्या शेवटच्या पानावर असतो. डॉट इन वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर पडतं. डॉट कॅमेरासारखं एक्स्टेन्शन दरवर्षी काही हजार मागतं. डॉट सिक्युरिटी तर त्याहून कितीतरी महाग, आणि छोट्या एजन्सीने एवढे पैसे गार्डच्या ट्रेनिंगवर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातही काही नावं 'प्रीमियम' म्हणून वेगळी काढलेली असतात. छोटं, सोपं, धंद्याचं नाव असलं की बहुधा ते प्रीमियमच निघतं. प्रीमियम नाव घेताना विचारायचं: जास्तीचा दर पहिल्याच वर्षी आहे की दरवर्षी? दोन्ही प्रकार असतात. दरवर्षी जास्त लागणार असेल तर ते खरेदीच्या वेळी तुम्हाला दाखवून तुमची संमती घ्यावी लागते, म्हणून 'मान्य आहे' वर क्लिक करण्याआधी ते पान पूर्ण वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक नियम फार कमी जणांना माहीत आहे, पण तो ग्राहकाच्या फायद्याचा आहे. या नवीन एक्स्टेन्शनच्या कंपन्यांना नूतनीकरणाचा दर वाढवायचा असेल तर रजिस्ट्रारला 180 दिवस आधी कळवावं लागतं, आणि त्या मुदतीत जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत नूतनीकरण करू द्यावं लागतं. म्हणून दरवाढीचा ईमेल आला तर तो बाजूला टाकू नका. ज्या नावावर तुमचा धंदा उभा आहे ते तेव्हाच पुढच्या वर्षांसाठी भरून टाका.

मग घ्यायचं काय? गार्ड आणि हाउसकीपिंग पुरवणाऱ्या एजन्सीला मी डॉट इन किंवा डॉट को डॉट इन सांगते. कारखाने, साखर कारखाने, हॉस्पिटलं, सोसायट्या हे तिचे ग्राहक आणि त्यांना हे पत्ते रोजचे आहेत. डॉट कॉम मिळत असेल तर तेही घ्या, भले रिकामं ठेवा. सीसीटीव्हीवाल्याने मुख्य साइट डॉट इनवर ठेवावी, आणि परवडत असेल तर डॉट कॅमेरा घेऊन ते जाहिरातीसाठी वापरावं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बॅनर लावायचा असेल तर असं छोटं, लक्षात राहणारं नाव फार उपयोगी पडतं. बघणारा ते वाचतो, उघडतो आणि थेट तुमच्या मुख्य साइटवर पोचतो. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांशी कामं करणाऱ्या सायबर फर्मने मात्र वेगळ्या एक्स्टेन्शनचा विचार जरूर करावा, तिथल्या ग्राहकाला ते ओळखीचं असतं.

मराठीत पत्ता हवा असेल तर डॉट भारत आहे. ते 2014 मध्ये सुरू झालं आणि पहिल्यापासून त्यात मराठी आहे. मला ते मनापासून आवडतं. गावाकडून नोकरी शोधायला येणाऱ्या मुलाला देवनागरीत पत्ता दिसला की आपलं वाटतं. पण ईमेल त्यावर ठेवू नका. कितीतरी सरकारी आणि कंपन्यांचे फॉर्म अजून देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत. साइट वळवण्यासाठी डॉट भारत, ईमेलसाठी इंग्रजी अक्षरांतलं, असं करा.

डोमेन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न एक्स्टेन्शनपेक्षा मोठा आहे. बहुतेक ठिकाणी वेबसाइट करणाऱ्या मुलाने ते आपल्याच ईमेलवर काढलेलं असतं. तो उद्या नोकरीला बंगळुरूला गेला की मालक हात चोळत बसतो. नोंदणीच्या वेळी मालक म्हणून फर्मचं नाव, फर्मच्या हाती कायम राहणारा मोबाइल आणि त्या डोमेनवर नसलेला एक वेगळा ईमेल द्या. डोमेन बंद पडलं की त्याच्यावरचा ईमेलही बंद पडतो, मग ओटीपी येणार कुठे? डॉट इनमध्ये मालकाची माहिती झाकण्याची सोय नाही आणि केवायसी लागते, त्यामुळे तिथे खरी माहिती देणं भागच आहे.

नोंदणी झाली की त्याच बैठकीत पुढची कामं उरकून घ्या. रजिस्ट्रारच्या खात्याला टू-फॅक्टर लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, आणि तो एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅपवरचा असेल तर उत्तम. नाव परस्पर दुसरीकडे हलू न देणारं ट्रान्सफर लॉक चालू आहे का बघा. ऑथ कोड कोणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, नाव दुसरीकडे हलवायची किल्ली तीच असते. डीएनएस म्हणजे तुमचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारी यादी; तिच्या नावाने खोटं उत्तर देऊ न देणारं डीएनएसएसईसी मिळत असेल तर चालू करा. ईमेलसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच तुमच्याकडून आलाय का हे तपासू देणाऱ्या, तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये घालायच्या. गुगल आणि याहूने फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं. तुम्ही दिवसाला दहाच मेल पाठवत असाल तरी करा, कारण या नोंदी नसतील तर तुमच्या नावाने खोटं बिल पाठवणं फार सोपं जातं. जी नावं घेऊन नुसती ठेवलीत, त्यांच्यावरही डीमार्कची 'रिजेक्ट' नोंद टाका, म्हणजे त्या नावाने आलेला खोटा मेल नाकारा असं सांगणारी.

हे मी पुन्हा पुन्हा सांगते त्याला कारण आहे. सिक्युरिटी एजन्सीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन भरतीची खोटी साइट काढता येते, आणि त्यात एजन्सीआधी नाडला जातो तो मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडचा मुलगा. गार्डची नोकरी लागेल म्हणून तो 'नोंदणी फी' आणि 'ड्रेसचे पैसे' भरून बसतो. तुमच्या साइटवर ठळक लिहा की आम्ही भरतीसाठी पैसे घेत नाही आणि आमचा खरा पत्ता हाच आहे. महिन्यातून एकदा आपल्या नावाचे जवळचे प्रकार शोधून बघा: एक अक्षर जास्त, मधे आडवी रेघ, वेगळं एक्स्टेन्शन. फसवणूक दिसली तर स्क्रीनशॉट काढून 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा आणि त्या डोमेनच्या रजिस्ट्रारला तक्रार करा. नाव तुमच्या ट्रेडमार्कवर डल्ला मारणारं असेल तर डॉट इनसाठी आयएनडीआरपी आणि डॉट कॉम किंवा डॉट सिक्युरिटीसारख्यांसाठी यूडीआरपी ही तंटा सोडवण्याची पद्धत आहे. तिथे नोंदवलेला ट्रेडमार्क हातात असला की बाजू भक्कम होते. नाव आवडलं असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज लवकर करा.

शेवटचं काम मुदतीचं. डॉट कॉम आणि नवीन एक्स्टेन्शनसाठी रजिस्ट्रारने मुदतीच्या सुमारे महिनाभर आणि आठवडाभर आधी आठवण देणं बंधनकारक आहे. मुदत संपल्यावर रजिस्ट्रारने नाव काढून टाकलं तरी 30 दिवस ते परत मिळवता येतं, पण दंड मोठा असतो आणि तोपर्यंत ईमेल बंद. ऑटो-रिन्यू लावलं तरी कार्डाची मुदत संपली की पैसे कापले जात नाहीत, हे लक्षात ठेवा. पसाराचं लायसन्स पाच वर्षांनी नवं करावं लागतं, त्याची फाइल प्रत्येक ऑफिसात असतेच. त्याच फायलीत एक पान डोमेनसाठी जोडा: नाव, रजिस्ट्रार, लॉगिनचा ईमेल, मुदतीची तारीख आणि पैसे कोणत्या खात्यातून जातात ते. पासवर्ड त्या पानावर लिहू नका.