कोरोनाकाळातील पीएम-किसानचा हप्ता मिळाला होता का, हे कसे तपासावे

२६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले, तेव्हा सुमारे ८.७ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात प्रत्येकी २,००० रुपये जमा होतील असे सांगण्यात आले. हे पैसे कोरोनासाठी वेगळे दिलेले अनुदान होते, असा समज अनेक गावांत आजही आहे. प्रत्यक्षात तो पीएम-किसान (प्रधानमंत्री किसान सन्मान निधी) योजनेच्या वार्षिक ६,००० रुपयांपैकी एप्रिल ते जुलै २०२० या कालावधीचा हप्ता होता आणि तो एप्रिलमध्येच आगाऊ देण्यात आला. त्यामुळे ‘कोरोना अनुदान’ म्हणून चौकशी केल्यास कोणत्याही कार्यालयात त्याची नोंद सापडणार नाही. २०२०-२१ या आर्थिक वर्षाचा पहिला हप्ता, म्हणजेच योजनेच्या आरंभापासून मोजल्यास पाचवा, असेच विचारावे.

सुरुवात बँकेपासून करावी. मार्च ते जुलै २०२० या महिन्यांचा खातेउतारा मागून घ्यावा आणि त्यात २,००० रुपयांची जमा शोधावी. घरात दोन-तीन खाती असतील तर सर्वांचे उतारे पाहावेत, कारण आधारवर आधारित पद्धतीने रक्कम पाठवली गेल्यास ती आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते आणि ते खाते शेतकऱ्याच्या विस्मरणात गेलेले असू शकते.

उताऱ्यात जमा दिसत नसेल तर पीएम-किसानच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून आपली स्थिती पाहावी. स्वतःला जमत नसल्यास गावातील आपले सरकार सेवा केंद्रात जावे.

त्यानंतरचे काम मात्र सावकाश आणि बारकाईने करावे लागते. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरील सर्व जमिनीचा उतारा), आधार आणि पासबुक ही चारही कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षरशः ताडून पाहावे. सातबाऱ्यावर ‘ज्ञानोबा’ आणि आधारवर ‘ज्ञानेश्वर’ असेल, तर गावाला तो एकच माणूस असतो, पण संगणकीय पडताळणीत तो दुसरा ठरू शकतो. खातेदाराचे निधन झाले असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या (पूर्वीचे तलाठी) कार्यालयात वारस नोंदीचा फेरफार मंजूर झाला आहे का, ते पाहावे. १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन नावावर असावी अशी योजनेची अट असली, तरी वारसाहक्काने झालेला बदल तिला अपवाद आहे. सामाईक सातबारा असल्यास प्रत्येक पात्र कुटुंबाला स्वतंत्र लाभ मिळतो, आणि येथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान (१८ वर्षांखालील) मुले.

पात्रतेचीही खात्री करून घ्यावी. मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेले, तसेच चतुर्थ श्रेणी वगळता इतर सरकारी कर्मचारी आणि दरमहा १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे अपात्र आहेत. बटाईने किंवा खंडाने जमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसल्याने त्यालाही हा हप्ता मिळाला नाही. टाळेबंदीत शेतातला माल बांधावरच सडत असताना प्रत्यक्ष कसणाराच मदतीबाहेर राहिला, ही या योजनेतील सर्वांत मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोष आपल्या बाजूने नसल्यास तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महाराष्ट्रातील नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा असल्यामुळे मोघम तक्रार लिहिण्याऐवजी नोंदणी क्रमांक, हप्त्याचा कालावधी, रक्कम पाठवल्याची तारीख आणि नाकारली असल्यास त्याचे कारण एवढेच मागावे. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास त्यापुढील ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील दाखल करावे आणि त्याला मूळ अर्जाच्या पोचेची प्रत जोडावी.