संडास बांधले, पण वापरात नाहीत? गावाला सोबत घेताना या चुका टाळा

ग्रामसभेत हात वर झाले की लोकसहभाग झाला, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. सभेत बोलतात सरपंच, दोन-चार पुढारी आणि ठेकेदार. संडासात पाणी भरायचं असतं मागे बसलेल्या सुनेला. तिला विचारलं असतं तर तिने दार रस्त्याकडे काढू दिलं नसतं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद महाराष्ट्रात आहेच, ती सह्यांपुरती उरकू नका. कागदावरचा नकाशाही पुरत नाही. जागेवर फक्कीने आखा, घरातल्या आजीला आत बसून-उठून बघू द्या. हाताला आधार कुठे लागतो, हे तिथेच कळतं.

दुसरी चूक म्हणजे फायदे सांगत सुटायचं आणि भीती ऐकायचीच नाही. ‘खड्डा भरला तर उपसायचा कोणी?’ हे कोणी सभेत मोठ्याने विचारत नाही, कारण त्यामागे जात आहे. मग लोक अंगणात भलीमोठी टाकी खणतात, नाहीतर संडास म्हाताऱ्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. दोन शोषखड्डे असले तर एक भरल्यावर चेंबरमधून मैला दुसऱ्यात वळवता येतो. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आतल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं सोनखत होतं. पण हे भाषणाने पटत नाही. असा खड्डा उघडून दाखवा, खत स्वतः हातात घ्या. या चर्चेत गवंडीही हवाच. तो सवयीने खड्ड्याच्या जाळीदार विटा सिमेंटने लिंपून टाकतो, पाणी मुरत नाही, खड्डा लवकर भरतो आणि लोकांची भीती खरी ठरते.

लाजेचा वापर फार जपून करा. १९९९-२००० च्या सुमारास विकास सल्लागार कमल कार यांनी बांगलादेशात सुरू केलेल्या पद्धतीत उघड्यावर बसणं थांबवायचं गावच ठरवतं; त्यासाठी उघड्यावर कुठे बसतात याचा नकाशा गावकरी स्वतःच जमिनीवर काढतात. आपल्याकडच्या गुडमॉर्निंग पथकाने पहाटे टमरेलवाल्याला अडवणं यात गावाचा निर्णय कुठे आला? ज्याच्याकडे संडासापुरतीही जागा नाही, त्याच्यावर तर हा सरळ अन्याय आहे. आधी त्याच्या जागेचा प्रश्न बैठकीत घ्या.

स्वच्छ भारत मिशनचं १२,००० रुपयांचं अनुदान मिळालं, फोटो चढला, की बैठका बंद पडतात. असं करू नका. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याच बायकांसोबत पुन्हा बसा. पाणी तुंबलं का, कडी लागते का, रात्री उजेड असतो का, हे विचारा. दुरुस्तीचे थोडे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. सगळं ऐकून घेऊन काहीच बदललं नाही, तर पुढच्या बैठकीला कोणी फिरकणार नाही.