फिजिओ शोधताना या चुका टाळा

नवरात्र संपलं की माझा फोन सुरू होतो. कुणाचा घोटा मुरगळलाय, कुणाचा गुडघा सुजलाय, आणि सगळ्यांचं मागणं एकच: "अरे, एखादा चांगला फिजिओ सांग ना, बडोद्यातच, दांडिया बाजारच्या जवळपासचा." जवळचाच हवा असेल तर मला कशाला विचारता? गल्लीत पाट्या कमी आहेत का?

तोऱ्यात बोलतोय खरा, पण ही चूक आधी मीच केली. आईचा उजवा गुडघा बदलला, तेव्हा शेजारच्या गल्लीतला एक मुलगा घरी यायला तयार झाला. रोज यायचा, गुडघ्याभोवती पॅड चिकटवायचा, मशीन चालू करायचा आणि वीस मिनिटं मोबाईलमध्ये डोकं. जाताना दोनदा पाय हलवून बघायचा. आई खूश: "बरं वाटतं रे, छान मुंग्या येतात." मीही खूश, कारण चहा देण्यापलीकडे मला काही काम नव्हतं.

पाचव्या आठवड्यात सर्जनने गुडघा किती वाकतो, तो कोन मोजला. सत्तर अंश. खुर्चीवरून धड उठायलाच नव्वदच्या आसपास लागतात, जिना उतरायला आणखी. पहिल्या तीनेक महिन्यांत वाकला नाही तर आतलं सगळं घट्ट होत जातं, मग भूल देऊन वाकवायची पाळी येते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला घाम फुटला.

मग मी फिजिओ बदलला. नव्या बाईंनी पहिल्या दिवशी मशीनला हातच लावला नाही. जिन्याला पायऱ्या किती, संडास कुठल्या पद्धतीचा, झोपाळ्यावर बसता का, हे विचारत बसल्या. मग कोन मोजला, वहीत तारीख घालून लिहिला. आईला पलंगावर बसवून टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली: "बा (आई), टाच घसरवत स्वतःकडे आणा." दिवसातून चार वेळा, त्या नसतानाही. पहिला आठवडा आई त्यांना जल्लाद म्हणायची. दहाव्या आठवड्यात वहीत १०५ लिहिलं गेलं आणि आईने झोपाळ्याला स्वतःच्या पायाने झोका दिला.

मशीन वाईट नसतं. दुखणं थोडं कमी होतं, तेवढ्यात व्यायाम उरकून घ्यायचा, एवढाच त्याचा उपयोग. आणि शरीरात धातूचा सांधा किंवा पेसमेकर असेल तर ते आधी सांगा. शॉर्टवेव्हचा, म्हणजे मशीनने आत खोलवर दिलेला शेक तिथे चालत नाही. तेव्हापासून माझी सवय अशी: पहिल्या भेटीत मोजमाप लिहिलं नाही आणि घरी करायला काही दिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी मी जात नाही.

पदवी विचारायला लाजू नका. बीपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं घालवलेला माणूस प्रश्नाने रागावत नाही. दोन महिन्यांचा कोर्स केलेला रागावतो. पक्षाघाताचा रुग्ण असेल तर न्यूरोचं, म्हणजे मेंदू आणि नसांच्या रुग्णांचं काम करणाराच शोधा, क्रिकेटपटूंचे खांदे बघणारा नको. सयाजी हॉस्पिटलची रांग बघून नाकं मुरडतात, पण तिथे रोज किती तऱ्हेचे पाय बघितले जातात याचा विचार कुणी करत नाही.

सुजलेला सांधा एक्स-रे न काढता हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका. कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर फिजिओ शोधत बसू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

दहा सिटिंगचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेणारे आणि तिसऱ्या सिटिंगला "फरक नाही" म्हणून सोडणारे, बहुतेक वेळा एकच असतात. आमचा मावसभाऊ त्यातलाच. गेल्या वर्षी घोटा सुजलेला, गरब्याला आठ दिवस उरलेले, आणि म्हणतो, "तेवढ्यात बसवून देईल असा कुणी आहे का?" मी नाही म्हटलं. त्याला मिळाला कुणीतरी. दसऱ्याला सोनं वाटायला तो रिक्षातून आला, आणि खाली उतरला नाही.